जुन्या पिकअप ट्रकमधील कॉइलओव्हर सस्पेन्शनची जोडणी : भारमार्गाच्या दृष्टीने एक विवेचन

सारांश

अमेरिकेत १९६० ते १९८० या काळात तयार झालेल्या पिकअप ट्रकांना आज तेथे सांस्कृतिक वारशाचे स्थान प्राप्त झाले आहे. अशा वाहनांची मूळ सस्पेन्शन व्यवस्था काढून तेथे स्वतंत्र बाजारातील कॉइलओव्हर बसविण्याची प्रथा रूढ आहे. या बदलाकडे सामान्यतः वाहनाची उंची कमी करण्याचे व प्रवास सुखकर करण्याचे साधन म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात शेव्हरोले सी-१० या ट्रकच्या १९६७ ते १९७२ या मालिकेचा आधार घेऊन असे प्रतिपादन केले आहे की, या जोडणीतील मूलभूत बदल उंचीचा नसून भारमार्गाचा आहे. जो आधारबिंदू केवळ धक्काशोषकाचे क्षणिक बल सोसण्यासाठी घडविला होता, त्याच्यावर वाहनाचा कायमचा भार येतो. हा बदल ओळखून चॅसीची पुनर्रचना केली तरच जोडणी सुरक्षित ठरते.

बीजसंज्ञा : सस्पेन्शन, कॉइलओव्हर, भारमार्ग, नैसर्गिक वारंवारता, अवमंदन, कर्तन बल, वाहनवारसा.

१. प्रस्तावना

पिकअप ट्रक हे मुळात अमेरिकेतील शेतकरी, सुतार, गवंडी, छोटे व्यापारी यांचे कामाचे वाहन होय. पुढे चालकाची बंद खोली आणि मागे मालासाठी उघडा हौदा अशी त्याची साधी रचना असते. कालांतराने या वाहनाशी अनेक पिढ्यांच्या आठवणी निगडित झाल्या आणि आजोबांनी शेतावर वापरलेला ट्रक नातवाने नव्याने उभा करावा, अशी एक हौस तेथे निर्माण झाली. बाह्यरूप जुने ठेवून आतील यंत्रणा आधुनिक करण्याच्या या पद्धतीस 'रेस्टोमॉड' असे म्हटले जाते. या हौसेच्या भोवती सुट्या भागांचा एक मोठा उद्योग उभा राहिला असून, त्या उद्योगाची 'सेमा' ही संघटना १९६३ पासून कार्यरत आहे. क्यूए१, राइडटेक यांसारख्या कंपन्या विशिष्ट ट्रकांसाठी कॉइलओव्हरचे तयार संच पुरवितात.

संच तयार मिळतो, त्यामुळे काम केवळ भागबदलाचे आहे असा समज होण्याचा संभव असतो. जुना भाग काढावा, नवा बसवावा, बोल्ट आवळावेत, एवढेच जणू त्याचे स्वरूप आहे. वस्तुतः सस्पेन्शन हा वाहनाचे वजन, रस्त्याचे आघात आणि चाकांची दिशा यांना एकत्र बांधणारा दुवा आहे. त्यातील एक भाग बदलला की बलांची संपूर्ण वाटचाल बदलते. या वाटचालीचा विचार न करता केलेली जोडणी कार्यशाळेत उत्तम दिसते; तिचा दोष मात्र वेगात असताना, भरल्या रस्त्यावर प्रकट होऊ शकतो. म्हणूनच हा विषय हौसेपुरता मर्यादित न राहता यंत्रशास्त्र, पदार्थविज्ञान, कायदा आणि वारसाजतन या चारही अंगांनी अभ्यासण्यास पात्र ठरतो.

२. मूळ रचना : शेव्हरोले सी-१०

शेव्हरोले कंपनीने १९६० मध्ये आपल्या ट्रकांची नवी मालिका बाजारात आणली. तिच्या नामकरणात 'सी' हे अक्षर केवळ मागील चाकांना गती मिळणाऱ्या वाहनासाठी, 'के' हे अक्षर चारही चाकांना गती मिळणाऱ्या वाहनासाठी आणि '१०' हा अंक अर्ध्या टनाच्या वर्गासाठी वापरला जात असे. प्रारंभीच्या तीन वर्षांत पुढील चाकांसाठी पीळ घेणाऱ्या पोलादी दांड्यांची, म्हणजे टॉर्शन बारची योजना होती. १९६३ पासून त्यांची जागा कॉइल स्प्रिंगांनी घेतली. १९६७ मध्ये आलेली दुसरी पिढी १९७२ पर्यंत चालली. पुढील व मागील चाकांमधील अंतर आखूड हौद्याच्या ट्रकात ११५ इंच, तर लांब हौद्याच्या ट्रकात १२७ इंच होते.

या मालिकेचे वैशिष्ट्य तिच्या मागील भागात आहे. त्या काळातील बहुतेक मालवाहू वाहनांच्या मागील बाजूस पाटे असत. आपल्याकडील ट्रक-टेम्पोंमुळे एकावर एक रचलेले हे पोलादी पाटे मराठी वाचकाच्या परिचयाचे आहेत. सी-१० मध्ये मात्र मागेही कॉइल स्प्रिंगा हीच प्रमाणित योजना होती आणि पाटे ऐच्छिक होते. मागील अखंड ॲक्सल दोन लांब दांड्यांवर पक्का केलेला असे. हे दांडे पुढे चॅसीच्या मध्यभागी एका आडव्या तुळईला बिजागरीप्रमाणे जोडलेले असत. ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून पॅनहार्ड नावाचा एक आडवा दांडा दिलेला असे. या लांब दांड्यांना पुढे 'ट्रक आर्म' असे नाव पडले. नॅसकार या अमेरिकी शर्यतमालिकेच्या सर्वोच्च श्रेणीतील गाड्यांत २०२१ च्या हंगामापर्यंत याच धर्तीची रचना वापरात होती, यावरून तिची गुणवत्ता लक्षात यावी. १९७३ मध्ये आलेल्या नव्या पिढीत मात्र मागील बाजूस पाटे आले.

प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने एक बाब महत्त्वाची आहे. मूळ रचनेत स्प्रिंग आणि धक्काशोषक, म्हणजे आपल्याकडील कारागिरांच्या बोलीतील शॉकअप, हे दोन स्वतंत्र भाग असून ते चॅसीला स्वतंत्र जागी जोडलेले होते. वजन पेलण्याचे काम स्प्रिंगकडे आणि हेलकावे शमविण्याचे काम धक्काशोषकाकडे, अशी ही स्पष्ट श्रमविभागणी होती. चॅसीचे जे भाग स्प्रिंगखाली येत, तेच वजनासाठी घडविलेले होते.

३. कॉइलओव्हर म्हणजे काय?

कॉइलओव्हरमध्ये धक्काशोषकाच्या नळीभोवतीच कॉइल स्प्रिंग बसविलेली असते. नळीच्या बाहेरील अंगास आटे असतात आणि त्यांवर फिरणाऱ्या कड्यावर स्प्रिंगचे एक टोक टेकते. कडे फिरवून स्प्रिंगची बैठक वर-खाली करता येते. ही कल्पना मराठी वाचकास अपरिचित नाही. मोटारसायकलच्या मागील बाजूस दोन्ही अंगांना असणारे स्प्रिंगयुक्त शॉकअप याच जातीचे होत. मागे माणूस बसणार असेल तर खाचांचे कडे पान्याने फिरविण्याची रीत सर्वपरिचित आहे.

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. अभियंता अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ओळखला जाणारा आणि १९५० मध्ये ब्रिटनमध्ये सादर झालेल्या फोर्ड कॉन्सलमध्ये वापरलेला मॅकफर्सन स्ट्रट हाही स्प्रिंग व धक्काशोषक यांचा संयोगच आहे. आपल्याकडील मारुती ८०० या मोटारीच्या पुढील चाकांना हीच योजना होती. तथापि मॅकफर्सन रचनेत तो स्तंभ चाकाची दिशा राखण्याचेही काम करतो. सी-१० मध्ये बसविल्या जाणाऱ्या कॉइलओव्हरकडे ही जबाबदारी नसते. ती नियंत्रक भुजा व ट्रक आर्म यांच्याकडेच राहते. म्हणजेच कॉइलओव्हर वजन पेलतो आणि हेलकावे शमवितो, परंतु ही दोन्ही बले तो एकाच वरच्या आणि एकाच खालच्या बिंदूतून वाहून नेतो. प्रस्तुत विषयाचा गाभा हाच आहे.

४. भारमार्गातील बदल

हा बदल आकड्यांत मांडल्यास अधिक स्पष्ट होतो. उदाहरणादाखल मागील एका चाकाच्या वाट्याला स्प्रिंगवर तोललेले २८० किलोग्रॅम वस्तुमान येते असे मानू. त्याचे वजन सुमारे २,७५० न्यूटन भरते. वाहन उभे असतानाही हे बल अखंड कार्यरत असते. कॉइलओव्हर उभ्या रेषेशी ३० अंशांत कलता बसविला असेल, तर त्याच्या अक्षावरील बल सुमारे ३,१७० न्यूटन होते. खड्ड्याच्या आघाताने हे बल क्षणभर तिप्पट झाले असे गृहीत धरल्यास ते ९,५०० न्यूटनपर्यंत जाते. याउलट मूळ धक्काशोषकाचे बल त्याच्या दट्ट्याच्या वेगावर अवलंबून असते. सेकंदाला अर्धा मीटर या वेगास ते अशा वाहनात काहीशे न्यूटनांच्या घरात असते, आणि वाहन स्थिर असताना जवळजवळ शून्य असते.

यावरून एक सरळ निष्कर्ष निघतो. मूळ स्प्रिंग काढून टाकणे आणि जुन्या धक्काशोषकाच्या खिळीवरच कॉइलओव्हर अडकविणे ही सर्वांत सोपी वाटणारी कृती सर्वांत धोकादायक होय. ती खिळी एका बाजूनेच धरलेली असते. तिच्यावर येणारे बल तिला केवळ कापू पाहत नाही, तर वाकवूही पाहते. अशा स्थितीस एकेरी कर्तन म्हणतात. याउलट बोल्ट दोन पट्ट्यांच्या मधोमध धरला असेल तर बल दोन छेदांत विभागले जाते आणि वाकविणारा परिणाम बराच कमी होतो. हे दुहेरी कर्तन होय. वजन पेलणाऱ्या कॉइलओव्हरची दोन्ही टोके दुहेरी कर्तनातच असावीत, हा या कामातील पहिला नियम मानावयास हरकत नाही.

या ठिकाणी धातूच्या थकव्याचाही विचार करावा लागतो. एकदाच येणारे मोठे बल पोलाद सहन करू शकेल; परंतु लाखो वेळा कमी-अधिक होणारे मध्यम बल छिद्राच्या कडेशी वा जोडकामाच्या टोकाशी सूक्ष्म तडा निर्माण करते. तडा हळूहळू वाढतो आणि उरलेला छेद अपुरा पडताच भाग अचानक तुटतो. पन्नास वर्षांहून जुन्या चॅसीत गंजामुळे पत्रा आधीच पातळ झालेला असू शकतो. म्हणून जोडणीपूर्वी रंग व मळ पूर्ण काढून चॅसीची तपासणी करणे, हे नव्या भागांच्या निवडीइतकेच महत्त्वाचे ठरते.

५. पुढील आणि मागील बाजूंतील भेद

पुढील बाजूस परिस्थिती तुलनेने अनुकूल असते. तेथे खालच्या नियंत्रक भुजेवर स्प्रिंग उभी असते आणि तिचे वरचे टोक चॅसीच्या आडव्या तुळईतील खोबणीत टेकते. स्प्रिंग भुजेच्या मध्यावर असेल तर तरफेच्या नियमानुसार तिच्यावर चाकाच्या भाराच्या दुप्पट बल येते. चाकाच्या वाट्याला ४०० किलोग्रॅम असल्यास स्प्रिंगवर सुमारे ७,८५० न्यूटन बल असते. ही खोबणी मुळातच इतक्या बलासाठी घडविलेली असते. म्हणून पुढील कॉइलओव्हर त्याच खोबणीत बसविणाऱ्या संचांमध्ये चॅसीवरील भारमार्ग बहुतांशी मूळचाच राहतो. खालच्या टोकास मात्र फरक पडतो. जी स्प्रिंग पूर्वी रुंद बैठकीवर टेकत होती, तिचे बल आता एका बोल्टवर एकवटते. त्यामुळे जुन्या पत्र्याच्या भुजेऐवजी नवी नळीची भुजा किंवा पुरेशी मजबूत आधारपट्टी आवश्यक ठरते.

मागील बाजूस चॅसीच्या दोन्ही उभ्या तुळया इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराच्या, म्हणजे एका अंगाने उघड्या असतात. असा उघडा छेद वाकण्यास चांगला विरोध करतो, पण पिळास फारच कमी विरोध करतो. तुळईच्या बाहेर लटकणारा आधार जोडल्यास नेमका पीळ निर्माण होतो. शिवाय ३० अंशांत कललेला प्रत्येक कॉइलओव्हर वरच्या टोकास सुमारे १,५९० न्यूटनचे आडवे बलही देतो. दोन्ही कॉइलओव्हर वरच्या बाजूस आत कललेले असल्याने ही आडवी बले परस्परविरुद्ध दिशांना असतात. दोन्ही वरचे आधार एकाच भक्कम आडव्या तुळईवर घेतले, तर ही बले त्या तुळईतच एकमेकांना तोलतात आणि चॅसीवर केवळ उभे बल उरते. चांगल्या संचांमध्ये अशी आडवी तुळई का दिलेली असते, याचे कारण येथे सापडते. ही तुळई चॅसीला जोडताना छिद्रे तुळईच्या उभ्या अंगात घ्यावीत. वरच्या व खालच्या पाकळ्यांत घेऊ नयेत. वाकण्याचा ताण पाकळ्यांतच सर्वाधिक असतो.

वाहनाची उंची बरीच कमी करावयाची असल्यास ॲक्सलची नळी चॅसीला आपटण्याचा प्रश्न उद्भवतो. त्यासाठी चॅसीच्या खालच्या अंगास अर्धवर्तुळाकार काप घेऊन तेथे जाड पोलादी कमान बसवितात. हा काप म्हणजे वाहनाच्या कण्यातूनच काढलेला भाग असल्याने तेथील बळकटी मूळ छेदापेक्षा कमी राहता कामा नये.

६. स्प्रिंगची निवड : वारंवारतेचा निकष

स्प्रिंग किती ताठर असावी, याचा निर्णय केवळ अनुभवावर सोडण्याचे कारण नाही. भौतिकशास्त्राच्या प्राथमिक वर्गात शिकविला जाणारा सरल आवर्ती गतीचा नियम येथे थेट उपयोगी पडतो. स्प्रिंगवर तोललेल्या वस्तुमानाची नैसर्गिक वारंवारता ही स्प्रिंगची ताठरता आणि वस्तुमान यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. दुसऱ्या शब्दांत, वजनामुळे सस्पेन्शन किती दबते यावरून वारंवारता ठरते. २५ सेंटिमीटर दबल्यास सेकंदाला सुमारे १ आंदोलन, ११ सेंटिमीटर दबल्यास सुमारे दीड आणि ६ सेंटिमीटर दबल्यास सुमारे २ आंदोलने होतात. प्रवासी वाहनांत १ ते दीड ही मर्यादा सामान्यतः सुखकर मानली जाते.

वरील उदाहरणातील २८० किलोग्रॅमसाठी १.३ ही वारंवारता निवडल्यास चाकापाशी दर मिलिमीटरला सुमारे १८.७ न्यूटन ताठरता लागते. कॉइलओव्हर ३० अंशांत कललेला असल्याने त्याची परिणामकारकता कोनाच्या कोज्येच्या वर्गाने, म्हणजे ०.७५ पटीने घटते. म्हणून प्रत्यक्ष स्प्रिंग दर मिलिमीटरला सुमारे २५ न्यूटनची, अमेरिकी परिमाणात इंचाला सुमारे १४२ पौंडांची निवडावी लागते. कल ४५ अंश झाल्यास परिणामकारकता निम्मीच उरते. पुढील बाजूस तरफेचा परिणामही असाच वर्गाने होतो. भुजेच्या मध्यावरील स्प्रिंगची ताठरता चाकापाशी एक चतुर्थांश भरते.

आता याच ट्रकच्या हौद्यात मागील ॲक्सलवर येणारा ४०० किलोग्रॅम माल भरला असे समजू. प्रत्येक बाजूस २०० किलोग्रॅम वाढले की मागील भाग आणखी साडेदहा सेंटिमीटर खाली जाईल. उंची कमी केलेल्या ट्रकात दबण्यासाठी तेवढी जागा बहुधा शिल्लकच नसते. परिणामी ॲक्सल रोधक रबरावर टेकेल आणि पुढील प्रत्येक आघात थेट चॅसीवर जाईल. येथे एक अटळ निवड करावी लागते. रिकाम्या अवस्थेत सुखकर असणारी स्प्रिंग भरल्या अवस्थेत अपुरी पडते. मालासाठी निवडलेली स्प्रिंग रिकामा ट्रक उडविते. एकसमान ताठरतेच्या स्प्रिंगने दोन्ही साधणे शक्य नाही. कॉइलओव्हर बसविणाऱ्या मालकाने आपला ट्रक यापुढे ओझ्याचे वाहन राहणार की नाही, हा प्रश्न प्रथम सोडविला पाहिजे.

कड्याविषयीचा एक प्रचलित गैरसमजही येथे दूर करावयास हवा. कडे आवळल्याने स्प्रिंग 'कडक' होते असे मानले जाते. एकसमान स्प्रिंगच्या बाबतीत हे खरे नाही. कड्यामुळे वाहनाची उंची बदलते, स्प्रिंगची ताठरता बदलत नाही. चुकीची स्प्रिंग कडे फिरवून योग्य होत नाही. उलट कडे फार वर नेल्यास धक्काशोषक जवळजवळ पूर्ण ताणलेल्या स्थितीत उभा राहतो आणि चाक खड्ड्यात उतरताना त्याला खाली जाण्यास जागा उरत नाही. उभ्या वाहनात धक्काशोषकाच्या एकूण प्रवासापैकी निम्म्याहून किंचित अधिक भाग दबण्यासाठी शिल्लक असावा, हा सर्वसाधारण संकेत आहे.

७. अवमंदन आणि कलंडण्यास विरोध

स्प्रिंग ऊर्जा साठविते. ती नष्ट करीत नाही. हे काम धक्काशोषकातील तेल करते. दट्ट्याच्या झडपांमधून तेल ढकलले जाताना गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. आवश्यक अवमंदन हे ताठरता व वस्तुमान यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. म्हणजेच स्प्रिंगची ताठरता चौपट केल्यास अवमंदन दुप्पट करावे लागते. स्प्रिंग बदलून धक्काशोषक तोच ठेवल्यास वाहन हेलकावत राहते, तर अति अवमंदन केल्यास चाक रस्त्याच्या चढउतारांचा पाठपुरावा करू शकत नाही.

याखेरीज एक परिणाम सहसा दुर्लक्षित राहतो. अखंड ॲक्सलच्या वाहनात वळणावर कलंडण्यास होणारा स्प्रिंगांचा विरोध हा त्या दोहोंमधील अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. मूळ स्प्रिंगांमधील अंतर १०० सेंटिमीटर होते आणि नव्या कॉइलओव्हरमधील अंतर ८० सेंटिमीटर झाले असे मानल्यास, ताठरता तीच असूनही हा विरोध ६४ टक्क्यांवर येतो. म्हणून मागील कॉइलओव्हर आत सरकविल्यास बहुधा कलरोधक दांडा जोडावा लागतो.

८. जोडणीचा क्रम व दक्षता

कामाचा प्रारंभ मोजमापाने व्हावा. सपाट जमिनीवर चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची नोंदवावी. त्यानंतर चाकांना उटी लावून चॅसी भक्कम स्टँडवर घ्यावी. केवळ जॅकवर तोललेल्या वाहनाखाली कोणीही जाऊ नये.

पुढील स्प्रिंग काढणे हा या कामातील सर्वांत जोखमीचा टप्पा होय. ७,८५० न्यूटन बलाखाली १३ सेंटिमीटर दबलेल्या स्प्रिंगमध्ये ५०० ज्यूलहून अधिक ऊर्जा साठलेली असते. ही ऊर्जा ५० किलोग्रॅमचे पोते एक मीटर उंचीवरून पडण्याइतकी आहे. चाक लोंबकळते असतानाही तिचा काही भाग शिल्लक राहतो. म्हणून स्प्रिंग दाबणारे साधन वापरावे, स्प्रिंग साखळीने बांधावी आणि खालची भुजा जॅकवर घेऊन सावकाश उतरवावी.

मागील बाजूस स्प्रिंगा सोडविण्यापूर्वी ब्रेकची लवचिक नळी ताणली जाणार नाही, याची खात्री करावी. नवी आडवी तुळई प्रथम सैल बसवून दोन्ही बाजूंची मापे जुळवावीत आणि नंतरच पक्की करावी. वेल्डिंग करावयाचे असल्यास बॅटरी सोडवावी आणि इंधनटाकीची जागा विचारात घ्यावी. सी-१० च्या या मालिकेत मूळ टाकी चालकाच्या आसनामागे, खोलीतच असते, हे विसरता येत नाही.

उंची बदलताच तीन गोष्टी आपोआप बदलतात. पहिली, पॅनहार्ड दांडा कमानीत फिरत असल्याने ॲक्सल एका बाजूस सरकतो. त्यासाठी लांबी बदलता येणारा दांडा लागतो. दुसरी, इंजिनाकडून मागील ॲक्सलकडे जाणाऱ्या शाफ्टचे कोन बदलतात. ते न जुळल्यास विशिष्ट वेगास थरथर जाणवते व क्रॉसचे सांधे लवकर झिजतात. तिसरी, पुढील चाकांचे कोन बदलतात. म्हणून व्हील अलाइनमेंट नव्याने करणे अनिवार्य ठरते. रबरी बुशांचे बोल्ट वाहन स्वतःच्या चाकांवर उभे असतानाच शेवटचे आवळावेत. लोंबकळत्या अवस्थेत आवळल्यास रबर कायमचे पिळलेले राहून फाटते. काहीशे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत आणि जोडकामाच्या कडा भिंगाने पाहाव्यात.

ब्रेकचा विचारही स्वतंत्रपणे करावा लागतो. या मालिकेत पुढील डिस्क ब्रेक १९७१ पासून प्रमाणित झाले. त्यापूर्वीच्या ट्रकांना चारही बाजूंस ड्रम ब्रेक होते. नवे सस्पेन्शन वळणावरील आत्मविश्वास वाढविते, थांबण्याची क्षमता मात्र वाढवीत नाही.

९. वारसा आणि कायदा

वारसाजतनाच्या क्षेत्रात केलेला बदल पुन्हा मूळ स्थितीत आणता यावा, हे तत्त्व महत्त्वाचे मानले जाते. बोल्टने बसणारी आडवी तुळई या कसोटीस उतरते. चॅसीत घेतलेला काप उतरत नाही. काढलेले मूळ भाग जपून ठेवणे आणि केलेल्या कामाची लेखी नोंद ठेवणे एवढे तरी प्रत्येक मालकास शक्य आहे. पुढील मालकाला ती नोंद वाहनाच्या किमतीइतकीच मोलाची ठरते, कारण भार कोठून वाहतो आहे हे त्याला अन्यथा कळणार नाही.

अमेरिकेत वाहन तपासणीचे नियम राज्यागणिक भिन्न आहेत. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, कायद्यात नमूद अपवाद वगळता, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मधील निर्णयात सर्वोच्च न्यायालयानेही याच कलमाच्या आधारे मूळ रचनेत बदल करण्यास मज्जाव केला. त्यामुळे वरील विवेचन भारतीय वाचकाने आपल्या वाहनात असा बदल करण्याचे मार्गदर्शन म्हणून घेऊ नये. तथापि बाजारातील भाग 'आपल्या गाडीला बसतो' आणि 'आपल्या गाडीला मानवतो' यांतील अंतर आपल्याकडेही तितकेच खरे आहे.

१०. निष्कर्ष

(१) कॉइलओव्हर जोडणीमुळे वजन व अवमंदन यांचे स्वतंत्र मार्ग एकत्र येतात. हा बदल रचनात्मक असून त्याची दखल चॅसीने घेतली पाहिजे.

(२) पुढील बाजूस मूळ खोबणी वापरल्यास भारमार्ग बहुतांशी टिकतो. मागील बाजूस मात्र दुहेरी कर्तनातील आधार व दोन्ही बाजू जोडणारी तुळई यांना पर्याय नाही.

(३) स्प्रिंगची निवड वस्तुमान, कल आणि तरफगुणोत्तर यांवरून गणिताने करता येते. कडे हे उंचीचे साधन आहे, ताठरतेचे नव्हे.

(४) उंची कमी झालेल्या ट्रकची भारवहनक्षमता व्यवहारात घटते. मूळच्या अर्ध्या टनाच्या वर्गीकरणावर पुढे विसंबून राहणे योग्य नाही.

(५) ब्रेक, शाफ्टचे कोन, ॲक्सलची आडवी जागा आणि चाकांचे कोन यांची फेरतपासणी झाल्याविना जोडणी पूर्ण झाली असे म्हणता येत नाही.

कामासाठी जन्मलेल्या या ट्रकची चॅसी घडविणाऱ्यांनी प्रत्येक तुळई, प्रत्येक खोबणी व प्रत्येक खिळी विशिष्ट बलासाठी योजिली होती. नवा भाग जोडणाऱ्याने ती योजना आधी वाचावी आणि मगच पाना हाती घ्यावा, एवढीच अपेक्षा या विवेचनातून व्यक्त होते.